खाजेची गोळी, काळजीची गोळी

उल्हासनगरच्या एका वस्तीत आमचं सल्ला केंद्र आठवड्यातून दोन दिवस चालतं. येणाऱ्या बाईच्या हातात बहुधा एक प्लास्टिकची पिशवी असते. तिच्यात रेशनकार्डाची झेरॉक्स, आधारकार्ड, पोरांचे दाखले आणि तळाशी औषधं. तक्रार लिहून घेताना आम्ही ‘तब्येत कशी आहे?’ असं विचारलं, की पिशवी टेबलावर उपडी होते.

गेल्या पावसाळ्यात एका बाईने अशीच पिशवी उपडी केली. ती घरी बसून जीन्सचे धागे कापते, नगावर पैसे मिळतात. पिशवीतून गोळ्यांच्या पट्टीचे चार तुकडे पडले, दुकानदाराने कात्रीने कापून दिलेले. एकावरही औषधाचं नाव पूर्ण नव्हतं. मुदत संपायची तारीख तर कुठेच नव्हती. ‘ही कशाची गोळी?’ मी विचारलं. ‘खाजेची,’ ती म्हणाली. थोडं थांबून म्हणाली, ‘आणि डोक्याची पण. ही घेतली की दोन्ही शांत होतं.’

तुकडे शेजारी शेजारी ठेवल्यावर नाव जुळलं. हायड्रॉक्सिझिन, २५ मिलिग्रॅम. अंगाला खाज सुटते म्हणून दीड वर्षापूर्वी एका दवाखान्यात पाच दिवसांसाठी लिहून दिलेली. पाच दिवसांचं दीड वर्ष झालं होतं. चिठ्ठी कधीच हरवली होती, दुकानदार तोंडओळखीवर देत होता. या दीड वर्षात तिला खाज कशाने सुटते हे कुणी विचारलं नव्हतं, आणि झोप का येत नाही हेही नाही. दोन्ही प्रश्नांना मिळून एक गोळी मिळाली होती.

मैत्रिणींनो, मी डॉक्टर नाही, समाजकार्याचं शिक्षण घेतलेली कार्यकर्ती आहे. कुणी कोणती गोळी किती घ्यावी हे मी सांगणार नाही. ते डॉक्टरांचं काम. पण उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात काम करताना ही एक गोळी मला इतक्या पिशव्यांमधून भेटली, की तिच्याबद्दल आपण बायकांनी आपसात बोललं पाहिजे असं वाटू लागलं. माझं म्हणणं एवढंच आहे: गोळी वाईट नाही, पण प्रश्न न विचारता दिलेली गोळी बाईचं तोंड बंद करते. त्यामुळे सुरक्षित वापराची पहिली पायरी म्हणजे प्रश्न.

आधी ही गोळी काय करते ते समजून घेऊ. आपल्या कातडीतल्या काही पेशी हिस्टॅमिन नावाचं द्रव्य सोडतात. अंगावर पित्त उठतं, गांधी येतात, आग होते, खाज सुटते, ती त्यामुळे. हायड्रॉक्सिझिन या हिस्टॅमिनचा रस्ता अडवते. पण हिस्टॅमिन मेंदूतही असतं आणि तिथे ते आपल्याला जागं ठेवतं. ही जुन्या पिढीतली गोळी मेंदूत शिरते आणि तिथेही त्याला अडवते. म्हणून गुंगी येते, झोप लागते, धडधड आणि घालमेल थोडी कमी होते. १९५०च्या दशकात बेल्जियममधल्या एका कंपनीने ती तयार केली आणि १९५६ साली अमेरिकेत तिला मान्यता मिळाली. दुकानात ती ज्या ॲटारॅक्स या नावाने जास्त ओळखली जाते, ते नाव मनाची शांती या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून घेतलेलं आहे. शांती कुणाची, हा प्रश्न पुढे येईलच.

आता खाजेकडे वळू. खाज हा आजार नाही, ती आजाराची हाक आहे. बोटांच्या बेचक्यात, मनगटावर, कमरेला, स्तनांखाली बारीक पुरळ आणि रात्री वाढणारी खाज, घरात दोघा-तिघांना एकदम, असं असेल तर खरजेचा संशय घ्यावा. खरजेचा किडा या गोळीने मरत नाही. त्याचं मलम वेगळं असतं, ते घरातल्या सगळ्यांनी एकाच वेळी लावावं लागतं, आणि कपडे-पांघरुणं गरम पाण्याने धुऊन उन्हात वाळवावी लागतात. जांघेत, कमरेला गोल चट्टे म्हणजे बहुधा गजकर्ण, नायटा. पावसाळ्यात ओल्या साडीनिशी लोकलमध्ये उभं राहणाऱ्या बायकांना तो सोडत नाही. त्यावर दुकानातून मिश्र मलम आणलं जातं, त्यात स्टेरॉइड असतं, चार दिवस बरं वाटतं आणि मग चट्टा दुप्पट पसरतो. अशी स्टेरॉइडची मलमं चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम सरकारने २०१८ साली केला. आपल्या बाजारपेठेत तो किती पाळला जातो ते तुम्ही जाणताच.

आणखी एक खाज आपल्या पट्ट्याचीच आहे. जीन्स धुण्याच्या आणि रंगवण्याच्या कामात ब्लीच, पोटॅशियम परमँगनेट, रंग. अंबरनाथ-बदलापूरच्या औद्योगिक वसाहतीत रसायनं. घरकामात साबणाचा सोडा. हात सोलवटतात, भेगा पडतात, खाजतात. २०१४च्या नोव्हेंबरअखेरीला वालधुनी नदीत घातक रसायन सोडलं गेलं आणि उल्हासनगरच्या शेकडो माणसांना उलट्या आणि श्वासाच्या त्रासाने दवाखाना गाठावा लागला. तेव्हा सगळ्यांना दिसलं की इथल्या शरीरांत काय शिरतं. ते रोज थोडं थोडं शिरतं तेव्हा मात्र दिसत नाही. हातमोजे न देणाऱ्या मालकाचा प्रश्न गोळीने सुटतो का? गोळीने फक्त रात्री खाजवायचं थांबतं, सकाळी हात पुन्हा त्याच पाण्यात.

काही खाजा तर बोलताच येत नाहीत. ‘खालच्या जागी’ खाज असेल तर बाई दुकानदाराला फक्त ‘खाजेची गोळी द्या’ म्हणते. ती बुरशी असू शकते, मधुमेहाची पहिली खूण असू शकते, पाळी गेल्यानंतरचा कोरडेपणाही असू शकतो. प्रत्येकाचा उपाय निराळा. आणि एक गोष्ट प्रत्येक महिला मंडळात सांगितली पाहिजे: गर्भारपणाच्या शेवटच्या महिन्यांत पुरळ नसताना तळहात-तळपायांना, विशेषतः रात्री, जोराची खाज सुटली, तर ती यकृताच्या बिघाडामुळे असू शकते आणि पोटातल्या बाळाला त्यातून धोका संभवतो. ‘पोट ताणलं की खाजतंच’ म्हणून सासूने समजूत काढली तरी थांबू नका. दवाखान्यात जाऊन रक्त तपासून घ्या. ही खाज गोळीने दाबून ठेवायची नसते.

कारण सापडलं तर गोळीचं काम काही दिवसांचं उरतं. कारण शोधलंच नाही, तर ती वर्षभर चालते.

आता काळजी. बदलापूरची एक तरुण सून आमच्याकडे आली होती. तिचा नवरा दुकानातून पट्टी आणायचा आणि रोज रात्री जेवण झालं की एक गोळी तिच्या हातावर ठेवायचा. ‘तू फार कटकट करतेस, डोकं शांत राहील.’ डॉक्टरने तिला कधी पाहिलंच नव्हतं. गोळी घेतली की ती नऊला झोपायची, आणि घर शांत व्हायचं. सकाळी उठली की डोकं जड, तोंड कोरडं, बोलताना शब्द अडखळायचे. मग सासू म्हणायची, ‘हिला काही सुधरतच नाही.’ ही कटकट कसली होती? माहेरून पैसे आणण्याचा लकडा आणि रात्रीची मारहाण. पण गोळी तिला दिली जात होती. मारणाऱ्याला कुणी गोळी देत नव्हतं.

काळजीलाही कारण असतं. कर्ज असतं, दारूडा नवरा असतो, कामावरचा त्रास असतो, पहाटेच्या लोकलची धावपळ असते. ऑगस्ट २०२४मध्ये बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर झालेल्या अत्याचाराची बातमी आली आणि लोक रेल्वे रुळांवर उतरले, त्यानंतर आमच्या वस्त्यांमधल्या कितीतरी आयांची झोप उडाली होती. ती काळजी वेड नव्हती, शहाणपण होतं. तिला गुंगी आणून काय मिळवायचं?

इथे आपल्यातल्या काही जणी म्हणतील, मग गोळ्या नकोतच. आमच्याच एका बैठकीत एक कार्यकर्ती म्हणाली, ‘बाईला संघर्षाला उभं करायचं की झोपवायचं?’ मला हे पटत नाही. सहा रात्री डोळ्याला डोळा न लागलेली बाई पोलीस चौकीत उभी राहू शकत नाही, आपली हकीगत सरळ सांगू शकत नाही. अंगभर पित्त उठलेली बाई रात्रभर खाजवून रक्त काढते, तिला आरामाचा हक्क आहे. दुखणं सोसणं म्हणजे लढणं, हे आपल्याला पुरुषप्रधान समाजाने शिकवलं, ते चळवळीने पुन्हा शिकवू नये. आणि ज्यांची सवय लागते अशा अल्प्राझोलामसारख्या गोळ्यांपेक्षा काही बायकांसाठी डॉक्टर हायड्रॉक्सिझिन निवडतात, त्याला कारण आहे: हिची तशी चटक लागत नाही. पण काळजीवर ही गोळी चार महिन्यांहून जास्त काळ उपयोगी पडते की नाही याचा पद्धतशीर अभ्यास झालेला नाही, असं तिच्या अमेरिकेतल्या माहितीपत्रकातच छापलेलं असतं. म्हणजे ती पुलासारखी आहे. पलीकडे जायला वापरावी, पुलावर बिऱ्हाड करू नये.

आता जपायच्या गोष्टी. त्या आमच्या केंद्रात आम्ही एका डॉक्टर मैत्रिणीकडून तपासून घेतल्या आणि भिंतीवर लावल्या.

ही गोळी लवकर उतरत नाही. प्रौढ माणसाच्या अंगातलं औषध निम्मं व्हायला साधारण २० तास लागतात, वयस्कर माणसात आणखी जास्त. रात्री अकराला गोळी घेऊन पहाटे चारला उठणाऱ्या, बदलापूरहून गर्दीची लोकल पकडणाऱ्या, यंत्रावर बसणाऱ्या, पेटत्या स्टोव्हपुढे उभ्या राहणाऱ्या बाईने हे लक्षात ठेवलं पाहिजे. पहिली गोळी दुसऱ्या दिवशी सुट्टी असेल तेव्हा घेतलेली बरी. दारूबरोबर ही गोळी घेऊ नये. झोपेच्या गोळीबरोबर डॉक्टरांना सांगितल्याशिवाय तर नाहीच.

अंबरनाथला सत्तरीच्या एका मावशींना कोरड्या कातडीच्या खाजेसाठी ही गोळी होती. झोपेची गोळी दुसऱ्या डॉक्टरांची होती आणि सर्दीची गोळी दुकानातली. एका रात्री त्या लेकीला ओळखेनात. लघवी अडली. घरचे म्हणू लागले, म्हातारचळ लागला. सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी पिशवी पाहिली, तिन्ही बंद केल्या आणि आठवड्यात मावशी पूर्ववत झाल्या. वयस्कर माणसांत या गोळीने गोंधळ उडणं, तोल जाऊन पडणं, बद्धकोष्ठ होणं, लघवी अडणं हे जास्त घडतं. म्हणून शक्यतो त्यांना ती देऊ नये असंच तज्ज्ञ सांगतात. काचबिंदू असलेल्यांनीही डॉक्टरांना आधी सांगावं.

हृदयाचं कमी जणींना माहीत असतं. ही गोळी हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडवू शकते. असं क्वचित घडतं, पण घडलं तर जिवावर बेततं. म्हणून युरोपच्या औषध नियामकांनी २०१५ साली मर्यादा घातली: मोठ्या माणसाला दिवसात १०० मिलिग्रॅमच्या वर नाही, आणि वयस्कर माणसाला द्यावीच लागली तर ५०च्या वर नाही. ही शेवटची हद्द आहे, रोजची मात्रा नव्हे. ज्यांना हृदयविकार आहे, घरात कुणी तरुणपणी अचानक दगावलं आहे, किंवा जुलाब-उलट्यांनी अंगातले क्षार कमी झाले आहेत, त्यांना धोका जास्त. काही दुसरी औषधंही लय बिघडवतात. नायट्यासाठी दिली जाणारी फ्लुकोनॅझोल त्यांतलीच. नायट्याच्या बाईला खाजेसाठी ही आणि बुरशीसाठी ती, अशी जोडी सर्रास मिळते. ॲझिथ्रोमायसिन, उलटीची ऑन्डॅन्सेट्रॉन, मनाच्या आजारातली एस्सिटॅलोप्रॅम यांचंही तसंच. म्हणून चालू असलेलं प्रत्येक औषध डॉक्टरांना दाखवायचं. गोळी घेतल्यावर छातीत धडधड, चक्कर, शुद्ध हरपणं असं झालं तर थांबायचं नाही, दवाखाना गाठायचा.

गर्भ राहिला असेल, राहण्याची शक्यता असेल किंवा बाळ अंगावर पीत असेल, तर ते आधी सांगायचं. गर्भारपणाच्या सुरुवातीच्या महिन्यांत ही गोळी घेऊ नये आणि अंगावर पाजणाऱ्या आईनेही टाळावी. सेटिरिझिन आणि ही एकदम घेऊ नये, कारण यकृतात गेल्यावर हिचंच सेटिरिझिन बनतं. मुलाला मोठ्यांची गोळी अर्धी करून देऊ नये, मुलांची मात्रा वजनावर ठरते. पट्टी मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवावी. आणि घरात कुणी जिवाला कंटाळलं असेल तर गोळ्यांचा साठा त्या व्यक्तीच्या उशाशी नसावा.

हे सगळं एकट्या बाईने लक्षात ठेवायचं म्हटलं तर तिच्या डोक्यावर आणखी एक ओझं. म्हणून हे संघटनेचं काम आहे. आपल्याला ते नवीनही नाही. १९८६ साली नेट-एन या गर्भनिरोधक इंजेक्शनाच्या चाचण्यांविरुद्ध स्त्री संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या होत्या. गर्भ आहे की नाही हे पाहायला म्हणून सर्रास दिल्या जाणाऱ्या हार्मोनच्या जादा मात्रेच्या औषधांविरुद्ध बायकांनी आणि आरोग्य चळवळीने वर्षानुवर्षं आवाज उठवला, तेव्हा १९८८ साली त्यांवर बंदी आली. तिथे औषधच घातक होतं. इथे औषध कामाचं आहे, घातक आहे ते देण्याची रीत. ही लढाई बंदीची नाही, विचारण्याची आहे.

कायदा आपल्या बाजूला आहे. ही गोळी चिठ्ठीशिवाय विकता येत नाही. पट्टीवर तशी सूचना छापलेली असते, ती कात्रीने कापली जाते. डॉक्टरने औषधाचं मूळ नाव वाचता येईल असं, शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावं, हे २०१६ सालापासून नियमात आहे. दुकानातून बिल मागायचा आपल्याला हक्क आहे. मग प्रत्येक गटाने एवढं करावं. महिन्याच्या बैठकीला सगळ्यांनी औषधांची पिशवी आणावी. नाव नसलेला तुकडा आणि कागदाच्या पुडीतली गोळी बाजूला काढावी. दुकानात ‘नाव आणि तारीख असलेला भाग द्या’ असं पाच जणींनी मिळून सांगावं. एकटीला दुकानदार हसतो, पाच जणींना हसत नाही. आणि डॉक्टरांना पाच गोष्टी विचाराव्यात: हे औषध कोणतं, कशासाठी, किती दिवस, माझ्या दुसऱ्या औषधांबरोबर चालेल का, आणि मला हे कशामुळे झालं?

सरकारकडेही बोट दाखवायला हवं. सरकारी दवाखान्यात कातडीचे आणि मनाचे डॉक्टर पुरेसे हवेत, बाईला एकटीला आत घेऊन बोलण्याची सोय हवी. बाह्यरुग्ण विभागात रांगेच्या रेट्यात दोन मिनिटांत कुणाची काळजी कळणार? तोवर टेली-मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक आणि हिंसेच्या प्रसंगी १८१ ही महिला हेल्पलाइन प्रत्येकीला पाठ असू द्या. बोलणं हाही उपचार आहे, आणि तो गोळीबरोबरही चालतो.

आपल्या आत्मपरीक्षणाचाही एक मुद्दा आहे. आमच्या केंद्राच्या अर्जात ‘तब्येत’ या रकान्याला एकच ओळ होती. त्या धागे कापणाऱ्या बाईनंतर आम्ही ती ओळ वाढवली. कोणतं औषध, कुणी दिलं, कुणाच्या हातून घेता, असे तीन प्रश्न घातले. तिसऱ्या प्रश्नाची उत्तरं वाचली की कोणत्या घरात काय चाललंय ते कळतं.

तिची खाज खरजेची निघाली. घरातल्या पाचही जणांनी मलम लावलं, आठवड्याने पुन्हा लावलं, आणि तीन-चार आठवड्यांत ती गेली. डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळीही सुटली. झोप अजून नीट लागत नाही. सावकाराचं कर्ज आहे, नवऱ्याविरुद्धचा अर्ज कोर्टात आहे, तारखा पडताहेत. पण ती आता येते तेव्हा खाली बसते आणि म्हणते, ‘ताई, आज थोडं बोलायचंय.’ दीड वर्ष ती हे बोलणं गोळीबरोबर गिळत होती.